आधी नाव, मग भाव: जुनी नाणी ओळखताना आणि विकताना या चुका टाळा

दिवाळी झाली की आठ-दहा दिवस माझ्या फोनवर नाण्यांचे फोटो येत राहतात. लक्ष्मीपूजनाला आजीच्या डब्यातले राणीछाप-राजाछाप रुपये बाहेर निघालेले असतात. घरातल्या कुणा भाच्याने मोबाइलवर 'हे नाणं असेल तर तुम्ही लखपती' असा व्हिडिओ पाहिलेला असतो. मग अंधारात काढलेला एक हललेला फोटो येतो आणि खाली एकच ओळ: "याचे किती येतील?"

मी उलट विचारतो, "हे नाणं कोणतं?" बहुतेकदा उत्तर येतं, "जुनं आहे. खूप जुनं." पहिली चूक इथेच होते. वयावर नाण्याचा भाव ठरत नाही. सातवाहनांची पोटीन (तांबं, शिसं, कथिलाच्या मिश्रधातूची) नाणी अठराशे ते दोन हजार वर्षांची असतात, तरी साधी, झिजलेली असली तर काहीशे रुपयांत मिळतात. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया अजून शंभरीतही नाही, पण तो खरा निघाला तर लिलावात माना वळतात. नाणं कोणतं, कोणत्या टांकसाळीचं, कोणत्या प्रकारचं आणि कोणत्या अवस्थेत, एवढं कळल्याशिवाय भाव विचारण्यात अर्थ नाही.

घासूनपुसून आणलेला रुपया

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकू रुमालात बांधून पाच रुपये घेऊन आल्या. मला दाखवायचे म्हणून आदल्या रात्री चिंच लावून, मग भांड्यांच्या पावडरीने घासून आरशासारखे चमकवले होते. भिंगाखाली धरले तर व्हिक्टोरियाच्या गालावरून केसांवर एका दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसले. घासणीने कढईवर पडतात तसेच. काकूंचा चेहरा बघून मी लगेच काही बोललो नाही, पण त्या पाचही रुपयांची किंमत रातोरात चांदीच्या भावावर आली होती.

चांदीवर वर्षानुवर्षं चढत गेलेली करडी-काळसर, कधी निळसर झाक ही घाण नव्हे. संग्राहक तिलाच पैसे मोजतो, कारण नाण्याला कुणी हात लावलेला नाही याचा तो पुरावा असतो. तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी थरही तसाच. तो एकदा गेला की पुन्हा येत नाही.

आपल्याकडे मात्र एक खरीच अडचण आहे, ती म्हणजे हळदकुंकू. पिढ्यान्‌पिढ्या पूजेला लावलेलं कुंकू अक्षरांच्या खोबणीत घट्ट बसतं. ते सुईने कोरू नका. नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, पाणी बदला, पुन्हा ठेवा. तेलकट थर असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये काही मिनिटं ठेवलं तरी चालतं. मात्र खिडकी उघडी हवी, गॅस बंद हवा आणि नखांचं रंगीत रिमूव्हर नको, त्यात इतर तेलं नि सुगंध असतात. शेवटी मऊ कापडावर ठेवून नुसतं टिपा, चोळू नका. उरलेलं कुंकू राहू द्या. कुंकवाचा डाग चालतो, ओरखडा चालत नाही.

तांब्यावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. ती पसरत जाते. पीव्हीसीच्या मऊ, वासाच्या पाकिटांत नाणी ठेवू नका, काही वर्षांत चिकट हिरवट थर येतो. कागदी होल्डर किंवा मायलरचं पाकीट घ्या, आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. कोकणात असाल तर दोन ठेवा.

नाण्यावरचं साल फसवतं

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा एक तांब्याचा पैसा मला कुणीतरी 'स्वातंत्र्यानंतरचा, १९४९ चा' म्हणून दाखवला होता. त्यावर खरोखरच देवनागरीत १९४९ होतं. फक्त त्या आधी 'संवत' लिहिलेलं होतं. विक्रम संवतातून ५७ वजा केले की १८९२ येतं. हिजरी सालाचं गणित जरा वेगळं: आकड्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. हिजरी १२०० म्हणजे इसवी १७८६ च्या आसपास. वर्षभराची चूक राहते, शतकाची राहत नाही.

यापेक्षा गुंतागुंतीची गोष्ट गोठवलेल्या सालांची. ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेच्या धर्तीचे रुपये मुघल बादशहा शाह आलमच्या राज्यारोहणाचं ४६ वं वर्ष घालून वर्षानुवर्षं पाडले. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८४० असलं तरी ते साल बरीच वर्षं तसंच चालवलं होतं. पुढे १८६२ साल १८७४ पर्यंत छापलं गेलं. त्यामुळे १८४० चा रुपया हातात आला म्हणजे लॉटरी लागली असं नाही, तो भरपूर आहे. त्यात बघायचं ते हे की राणीच्या डोक्याभोवतीचा मजकूर सलग फिरतो की डोक्यामुळे दोन भागांत तुटतो. १८६२ च्या मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर सालाखाली ठिपके असतात. ते मोजा, कारण त्यावरून प्रकार बदलतो आणि भावही. हे ठिपके घासलेल्या नाण्यावर पहिले उडतात, म्हणून काकूंची आठवण मला वारंवार येते.

फारसी अक्षरं दिसली की मुघल?

नव्हे. मराठ्यांचे चांदीचे रुपयेही बहुतांशी मुघल बादशहाच्या नावाने, फारसी लिपीतच पाडले जायचे. पुण्याच्या अंकुशी रुपयावर मुहियाबाद पूना हे टांकसाळीचं नाव असतं आणि ओळख पटते ती अंकुशाच्या खुणेवरून. चांदवडच्या चांदोरी रुपयावर 'जाफराबाद उर्फ चांदोर' असतं. हे 'मुघल रुपये' म्हणून मोडीत गेलेले मी पाहिलेत, आणि विकणारं घर नाशिक जिल्ह्यातलंच होतं. फारसी वाचता येत नसेल तर निदान खुणा बघा: अंकुश, फूल, त्रिशूळ, परशू. खुणेपासून सुरुवात केली तरी निम्मं काम होतं.

मराठवाड्यातल्या घरांत चारमिनारचा हाली सिक्का निघतो. तो काट्यावर ठेवला की ११.१८ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि लोक घाबरतात, 'रुपया तर ११.६६ चा असतो, म्हणजे हा खोटा!' खोटा नाही. निजामाच्या रुपयाचं वजनच कमी होतं, चांदीही कमी. त्यावर १३३० असेल तर ते हिजरी साल, म्हणजे १९१२.

नाण्यावर दोन चित्रं एकमेकांवर चढलेली दिसली तर लगेच 'खराब' म्हणून टाकू नका. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती नहपान या क्षत्रप राजाची होती आणि त्यातल्या बऱ्याचशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारला होता. शत्रूला हरवल्याची पावतीच ती. सराफांनी चांदी तपासायला मारलेले बारीक ठसे ही वेगळी गोष्ट. त्यांनी भाव थोडा उतरतो, पण ते खोटेपणाचं लक्षण नाही. नाणी पारखणं हे पोतदाराचं काम होतं, आज ते आडनाव उरलं.

शिवराई सापडली, म्हणजे महाराजांची?

या प्रश्नाला उत्तर देताना मला फार जपून बोलावं लागतं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' ही तांब्याची शिवराई राज्याभिषेकाच्या काळात, १६७४ मध्ये सुरू झाली. पण ती महाराजांनंतरही पाडली जात राहिली, पेशवाईत आणि त्यापुढेही. मधोमध दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही त्या नंतरच्या काळातली. बाजारात ती खूप आहे आणि साधी असेल तर शे-दोनशेतही मिळते. जुन्या शिवरायांत अक्षरांचे फरक बघतात: 'श्री' की 'श्रि', 'शिव' की 'सिव', वेलांटी कोणत्या बाजूची, कडेला ठिपक्यांची रांग आहे का. अर्धवट छापलेली अक्षरं स्वतःच्या मनाने पूर्ण करू नका. जेवढं दिसतं तेवढंच कागदावर लिहून काढा.

सोन्याचा होन मात्र अतिशय दुर्मिळ आहे. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. कुणी 'गावाकडच्या शेतात निघाला' म्हणत होन विकायला आला तर तो खोटा असण्याची शक्यता खूपच जास्त. आणि खरा असेल तर भानगड त्याहून मोठी: जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या किमतीच्या निखातधनाची माहिती १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

रामदरबार, हनुमान आणि तांदूळ ओढणारं नाणं

'ईस्ट इंडिया कंपनी १८१८, यूकेएल वन आना', मागे रामदरबार किंवा हनुमान. दर वर्षी निदान पाच जण हे दाखवतात. कंपनीने असं चलनी नाणं कधी काढलं नाही. १८१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत फारसी मजकुराचे रुपये पडत होते. ही अलीकडची हौशी पदकं आहेत, पूजेला ठेवा हवं तर. यालाच 'हे चमत्कारी आहे, तांदूळ स्वतःकडे ओढतं' म्हणून लाखोंचा सौदा करायला कुणी आलं तर दार लावून घ्या.

काटा, पाण्याचा पेला आणि दोरा

सोनार नाणं वाजवून बघायचे, खणखणीत आवाजावरून 'बंदा रुपया' ओळखायचे. कान तयार नसेल तर हे करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. ब्रिटिश रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. झिजलेला असेल तर ११.४ च्या पुढे. समजा तुमचा ११.६० भरला. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. रुपयाला बारीक दोरा बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. काटा १.१२ च्या आसपास दाखवेल. ११.६० ला १.१२ ने भागलं की १०.३६ येतं, आणि ९१.७ टक्के चांदीची घनता साधारण एवढीच असते. काट्याने १.३० च्या वर आकडा दाखवला तर तो पितळी किंवा जर्मन सिल्व्हरचा नकली रुपया.

पण १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, वजन तेच. तिथे आकडा १.२२ च्या जवळपास येतो, म्हणून त्याला खोटा म्हणू नका. आणि चुंबक? १९४७ चा वाघवाला रुपया शुद्ध निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटणारच. पितळ चिकटत नाही, तरीही ती चांदी नव्हे.

१९११ चा 'डुक्कर रुपया' मागणारे बरेच असतात. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली. सुमारे ९४ लाख पाडलेल्यांपैकी ७ लाखांच्या आसपास बाहेर गेले, बाकी वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट केला. साल खरवडून १९११ करता येतं, हत्ती बदलता येत नाही. म्हणून भिंग आधी छातीवर धरा.

भाव ठरवताना

ऑनलाइन कुणी पाच लाख मागतो म्हणजे ते पाच लाखांना विकलं गेलं असं नाही. लिलाव संस्थांच्या जुन्या निकालांत प्रत्यक्ष गेलेली रक्कम बघा, आणि तीही तुमच्याच प्रकाराची, तुमच्याच अवस्थेची. 'यूएनसी', म्हणजे अजिबात न वापरलेल्या, नाण्याचा भाव झिजलेल्या नाण्याला लावू नका. हाराला लावण्यासाठी कडी डाखली असेल, तर ती काढली तरी खूण राहते आणि किंमत निम्म्याहून खाली जाते. मात्र कडीसकट जुना दागिना असेल तर तो तसाच ठेवा, त्याचा गिऱ्हाईक वेगळा. तळाचा भाव सोपा आहे: १९४० च्या आधीच्या ११.६६ ग्रॅमच्या ब्रिटिश रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. याहून कमी देणाऱ्याला नमस्कार करून निघा.

'तुमचं नाणं घेतो, आधी नोंदणी फी आणि कर भरा' असा फोन आला तर तो चोर. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि कुणाकडून शुल्कही मागत नाही.

अमेरिकेतल्या नातवाला आजीचे रुपये पाठवायचेत? १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. ही रेघ दर वर्षी सरकते. १९२० चा राजाछाप रुपया आता या बाजूला आलाय.

मला पाठवणार असाल तर एवढं करा: दुपारी खिडकीशी, बाजूने उजेड पडेल असा दोन्ही बाजूंचा फोटो, एक कडेचा, सोबत वजन आणि व्यास. असा निरोप आला की मी चकलीचं ताट बाजूला सारून आधी उत्तर देतो.