जुन्या एअर-कूल्ड कॅम्परमध्ये पेट्रोल भरताना या चुका टाळा

मे महिना लागला की कुडाळच्या आमच्या शेडमध्ये फोन सुरू होतात. मुंबई-पुण्याहून, कधी बेळगावहून, लोक फोक्सवॅगनच्या जुन्या कॅम्पर घेऊन कोकणात उतरतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "काका, ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरू की १०० चं?" टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) शेवटचं कधी बघितलं, टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) कधी सेट केले, पेट्रोलचे पाइप किती वर्षांचे आहेत, असं मी उलट विचारलं की पलीकडे शांतता. माझ्याकडे १९७२ ची गाडी आहे, १६०० सीसीचं इंजिन, आणि ती मी स्वतःच्या हाताने सांभाळतो. दरवर्षी त्याच चुकांनी चांगली इंजिनं मेलेली बघवत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद, हा समज

ही चूक पहिली, आणि सगळ्यात महागाची. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची ताकद सांगत नाही. दाब वाढल्यावर, ठिणगीची ज्वाला पोचायच्या आधी ते पेट्रोल आपसूक पेटायला (यालाच नॉकिंग म्हणतात) किती विरोध करतं, एवढंच तो सांगतो. आजच्या गाड्यांचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, १० च्या पुढे असतं, त्यांना तो विरोध लागतो. आपल्या १६०० च्या इंजिनाचं कॉम्प्रेशन साधारण ७.५ ला १. कारखान्याच्या पुस्तकात ९१ ऑक्टेन मागितलंय. आपल्याकडचं साधं पेट्रोल किमान ९१ चं असतं, आणि २० टक्के इथेनॉलवालं जवळपास ९५ ला जातं. म्हणजे कोपऱ्यावरच्या पंपावरचं साधं पेट्रोल ऑक्टेनच्या हिशोबाने या इंजिनाला पुरून उरतं. अमेरिकन पुस्तिकेत ८७ वाचून काही जण गोंधळतात. तिकडे दोन पद्धतींनी मोजलेल्या आकड्यांची सरासरी पंपावर लिहितात. तिकडचं ८७ म्हणजे आपल्या मोजणीत साधारण ९१ च.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. मुंबईचा एक तरुण, सोबत बायको, दोन मुलं आणि आई. गाडी अशी रंगवलेली की बघत राहावं, वर कॅरिअर सामानाने भरलेलं. मुंबईतच १०० ऑक्टेन भरून निघाला होता. माझ्याकडे फक्त पंख्याचा पट्टा ताणून घ्यायला थांबला. बोलता बोलता म्हणाला, "काका, शंभर ऑक्टेन आहे म्हणून टायमिंग थोडं पुढे घेतलंय. गाडी काय मस्त उचलते!" मी म्हटलं, अर्धा तास थांब, टायमिंग लाइट लावून बघू. त्याला आंबोलीला उजेडात पोचायचं होतं. थांबला नाही.

दाणोली सोडल्यावर चढ सुरू होतो. भरलेली गाडी त्याने चौथ्या गिअरमध्येच रेटली. तासाभरात फोन आला, आणि टेम्पोला बांधून गाडी परत माझ्या दारात. हेड उतरवलं तेव्हा तीन नंबरच्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये रुतलेलं. पुली हाताने फिरवून डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट कुठे उघडतात, म्हणजे ठिणगी कुठे पडते, ते पाहिलं. साडेसात अंशांवर उघडायला हवे होते, ते १८ च्या आसपास उघडत होते. रेस दिल्यावर डिस्ट्रिब्युटर ठिणगी आणखी आधी पाडतो, तो पूर्ण ॲडव्हान्स २८ ते ३२ अंशांत थांबला पाहिजे. त्याचा चाळिशीला पोचत होता.

तीन नंबरच का? जुन्या पद्धतीच्या फॅन हाउसिंगमध्ये (पंख्याच्या पत्र्याच्या कवचात) ऑइल कूलर वाऱ्याच्या वाटेतच उभा असतो, आणि तीन नंबरला त्याच्या मागची गरम, उरलेली हवा मिळते. १९७१ च्या मॉडेलपासून कारखान्याने तो कूलर बाजूला हलवला. या मुलाच्या इंजिनावर कुणीतरी जुनं हाउसिंग चढवलं होतं. त्यात शंभर ऑक्टेनने नॉकिंग होऊ दिलं नाही, पण पुढे घेतलेल्या टायमिंगची उष्णता हेडमध्ये साचतच राहिली. तशीही या गाड्यांत नॉकिंग ड्रायव्हरला ऐकू येत नाही. इंजिन मागे, पंख्याचा घोंघाट, आणि आपण पुढे. ऐकू येईपर्यंत काम झालेलं असतं. त्या मुलांची सुट्टी माझ्या शेडच्या बाकड्यावर संपली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

माझी सवय सांगतो. लांबच्या प्रवासाआधी टायमिंग लाइट, दर वेळी. टॅपेट ०.१५ मिलिमीटरवर, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, सकाळी चहाच्याही आधी. मी हे दर ३००० किलोमीटरला करतो. दर वेळी एकाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप कमी झालेला सापडत असेल तर तो व्हॉल्व्ह ताणला जातोय किंवा सीट बसत चाललीय. गॅप पुन्हा जुळवून पुढे जाऊ नका, हेड उतरवा. आणि घाटात गाडी ओढायला लागली की लगेच तिसरा टाका. घाईने एकही एअर-कूल्ड इंजिन घाट चढलेलं मी पाहिलेलं नाही.

इथेनॉलवालं पेट्रोल भरायचं आणि काब्रेटरला हात लावायचा नाही

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. त्यामुळे २० टक्क्यांच्या पेट्रोलला जळायला साध्यापेक्षा कमी हवा पुरते. काब्रेटर मात्र जुन्याच मापाने हवा आणि पेट्रोल देत राहतो. मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत थर्मोस्टॅट आणि रेडिएटर सांभाळून घेतात. इथे पातळ मिश्रणाची उष्णता थेट हेडवर येते.

माझ्या ३४ पिक्ट काब्रेटरमध्ये १२७.५ चा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) होता, तो मी १३२.५ चा केला. जेटचं भोक थोडंच मोठं होतं, पण क्षेत्रफळ साधारण आठ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे जेवढी गरज तेवढंच. त्यानंतर सपाट रस्त्यावर गाडी दामटून, इंजिन बंद करून, प्लग काढून बघतो. टोक फिकट बदामी हवं. चुन्यासारखं पांढरं दिसलं तर आणखी एक माप वर. जेट घासून मोठा करू नका. सुई घालून भोक वाढवणारे मेकॅनिक आहेत, त्यांच्याकडे गाडी देऊ नका.

"इथेनॉलने इंजिन मरतं" असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी ब्राझीलचं उदाहरण देतो. तिथे १९९३ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के किंवा त्याहून जास्त इथेनॉल आहे, आणि हीच एअर-कूल्ड व्हॅन तिथे २००५ पर्यंत नवीन बनत होती. त्या गाड्या त्याच इंधनासाठी तयार होऊन कारखान्यातून यायच्या. आपल्या गाडीची ती तयारी आपल्यालाच करायची आहे.

जून ते सप्टेंबर अर्ध्या टाकीवर उभी करणं

कोकणात ही चूक देशावरच्यापेक्षा दुप्पट महाग पडते. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि हवा इतकी ओली की कपाटातले कपडेही बुरसतात. टाकी अर्धी असली की वरची रिकामी जागा तापते, निवते, ओली हवा आत घेते. त्यात टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं असलं तर वाऱ्याबरोबर पाणी सरळ आत. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत मुरवतं. त्याची मर्यादा संपली की ते पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जातं, आणि पंप नेमका तळातून ओढतो. वर उरलेल्या पेट्रोलचं इथेनॉल गेलं, म्हणजे त्याचं ऑक्टेनही उतरलं. पावतीवर काहीही लिहिलेलं असो, टाकीत आता ते पेट्रोल उरलेलं नसतं.

वेंगुर्ल्याचे एक निवृत्त गृहस्थ गणपतीच्या चार दिवस आधी रडकुंडीला येऊन आले. गाडी सुरू होते, भकभकते, बंद पडते. पंपवाल्याने फसवलं म्हणत होते. आम्ही टाकीच्या तळाचं काचेच्या बाटलीत काढलं. आमचा पोरगा बाटली उजेडात धरून म्हणाला, "काका, ह्यां पाणीच आसा!" खाली गढूळ थर, वर पेट्रोल. काब्रेटरच्या भांड्यात पांढरी भुकटी, फ्लोट चिकटलेला. झाकणाचं रबर बोटाने दाबलं तर तुकडे पडले. पेट्रोल जूनमध्ये ज्या पंपावर भरलं त्याचा यात काही दोष नव्हता.

१०० ऑक्टेनचे पैसे मी याच एका कामासाठी मोजतो. मोठ्या शहरांत ते इथेनॉलशिवाय मिळतं. मेच्या शेवटच्या फेरीत टाकी जवळजवळ रिकामी करून तिथे गळ्यापर्यंत भरतो. येताना ते काब्रेटरपर्यंत पोचतंच. घरी आल्यावर झाकणाला नवीन रबर, आणि गाडी शेडमध्ये. टाकी रिकामी ठेवून उभी करणारेही असतात, पण या हवेत रिकामी लोखंडी टाकी आतून गंजते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का, हे पंपावर वाद घालून कळत नाही, घरी कळतं. १०० मिलिलिटरच्या मोजनळीत १० मिलिलिटर पाणी, वर ९० पेट्रोल. हलवा, दहा मिनिटं ठेवा. पाण्याचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. २८ च्या जवळ चढला तर २० टक्के. चूल, विडी, स्विच यांपासून दूर, अंगणात करा.

बाकीच्या, थोडक्यात

ऑक्टेन बूस्टरची बाटली: गरज नाही, पैसे टॅपेटच्या गॅस्केटवर घाला.

शिशाच्या जागी म्हणून विकतात ती औषधं: आपल्याकडे शिसं २००० साली बंद झालं, आणि या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये मुळातच पोलादी सीट बसवलेल्या असतात. नको.

पाण्याच्या बाटल्यांत जादा पेट्रोल: कधीही नाही.

पेट्रोलमध्ये थोडं टू-टी ऑइल: ऑक्टेन उतरतं, प्लग काळे होतात.

पाइप

हे शेवटी लिहिलंय, पण पेट्रोल बदलायच्या आधी करायचं काम हेच आहे. जुना कापडी वेणीचा रबरी पाइप इथेनॉलने आतून मऊ होतो, बाहेरून ठीक दिसतो. एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या पाइपचा दर्जा) छापलेला घ्या, आणि दर दोन वर्षांनी सगळा बदला. प्लॅस्टिकचा फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या वर लटकत असेल तर आजच काढा, टाकीजवळ बसवा. काब्रेटरच्या झाकणातली पेट्रोलची पितळी नळी नुसती ठोकून बसवलेली असते. पक्कडीत धरून हलवून बघा, हलली तर झाकण बदला. या इंजिनाची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. ती पेटली की पाणी ओतून विझत नाही, उलट भडकते. पावडरचा सिलिंडर ड्रायव्हरच्या दरवाजाशी ठेवा. मागे इंजिनाजवळ ठेवलात तर आग लागल्यावर तिथपर्यंत हात पोचणार नाही.