गडावरून राजवाड्याकडे : मित्रमंडळींसोबत सातारा पायी पाहताना

साताऱ्यात बाहेरगावचे मित्र आले की त्यांना कास, ठोसेघर आणि सज्जनगड दाखवून परत पाठवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ज्या शहरात त्यांचा मुक्काम असतो, ते शहर मात्र पाहायचेच राहून जाते. गेली काही वर्षे मी मित्रमंडळींना घेऊन शहरातून पायी हिंडतो आहे. अशी फेरी कशी आखावी, कोठे काय सांगावे आणि फेरीनंतरच्या गप्पांची जागा आधीच का ठरवून ठेवावी, हे त्या अनुभवावरून लिहीत आहे.

पहिला निर्णय दिशेचा. साताऱ्याचा इतिहास डोंगरावरून खाली उतरत आलेला आहे. आधी गड, मग पायथ्याच्या पेठा, मग राजवाडा आणि शेवटी त्याच राजवाड्यात भरलेली शाळा. म्हणून फेरीची सुरुवात अजिंक्यताऱ्यावर करावी आणि शेवट राजवाड्यापाशी. उलट क्रमाने गेल्यास चढणीवर दम लागतो, बोलणाऱ्याचेही आणि ऐकणाऱ्यांचेही लक्ष उडते. गडाच्या दरवाजापर्यंत गाडीरस्ता आहे; सकाळी साडेसहाच्या सुमारास वाहनाने वर जावे आणि वाहन परत पाठवून द्यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी समर्थ मंदिराकडचा रस्ता वाहनांनी भरून जातो, तेव्हा हे दोन दिवस टाळावेत. पावसाळ्यात गडावरच्या पायऱ्या आणि वाटा निसरड्या होतात. मंडळींत वयस्कर कोणी असेल तर तो धोका पत्करू नये.

सोबत दहा-बारा जणांहून अधिक नकोत. एकदा मी बावीस जणांना घेऊन निघालो होतो. पुढच्यांना मी काय सांगतो ते मागच्यांना ऐकू येईना, आणि राजवाड्यापाशी पोहोचेपर्यंत मंडळींचे तीन गट पडले होते. तेव्हापासून संख्या मर्यादित ठेवतो आणि वाट माहीत असलेल्या एकाला सर्वांत शेवटी चालायला सांगतो. ध्वनिवर्धक नेऊ नये. पेठांमध्ये लोक राहतात, त्यांची सकाळ आपण मोडू नये.

गडावर पोहोचल्यावर लगेच बोलायला सुरुवात करू नये. आधी माणसांना तटावरून पाहू द्यावे. हवा स्वच्छ असेल तर सज्जनगड, यवतेश्वराचा डोंगर, जरंडेश्वर, कल्याणगड आणि चंदन-वंदन ही जोडी ओळखता येते, आणि हा गड कोणाकोणावर नजर ठेवून होता हे न सांगताच उमगते. त्यानंतर वेढ्याची हकीकत सांगावी, कारण साताऱ्याच्या साऱ्या इतिहासात एका जागी उभे राहून सांगण्यासारखी याहून मोठी घटना नाही. शिवाजी महाराजांनी १६७३ साली हा गड घेतला. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने स्वतः येऊन त्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी साडेचार महिने गड लढवला. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी तटाखाली पेरलेले सुरुंग उडाले. पहिल्याने तट फुटला आणि गडावरची माणसे दगावली, दुसऱ्याने तटाचा भाग बाहेरच्या बाजूला कोसळून मोगलांचेच शेकडो सैनिक गाडले गेले. प्रयागजी ढिगाऱ्याखाली सापडले होते आणि तेथून जिवंत बाहेर काढले गेले, असे सांगतात. तत्पूर्वी मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले होते आणि गडावरची रसदही संपत आली होती. एप्रिलअखेर गड द्यावा लागला. औरंगजेबाने त्याचे नाव आझमतारा ठेवले. पुढे ताराबाईंच्या काळात तो मराठ्यांकडे परत आला आणि अजिंक्यतारा झाला. ही हकीकत सांगताना तारखा दोन-तीनच सांगाव्यात. ऐकणाऱ्याच्या मनात सन राहत नाही, ढिगारा राहतो.

१२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथे झाला आणि सातारा मराठ्यांची राजधानी ठरली. पुढे गडाखाली शहर वसले, त्याचे नाव शाहूनगर. उतरताना, खालची घरे दिसू लागली की, पेठांची नावे सोबत्यांकडूनच वदवून घ्यावीत. सोमवारपासून शनिवारपर्यंतचे वार सर्वांना आठवतात. मग कोणी तरी यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, रामाचा गोट अशी नावे जोडतो. जो ज्या पेठेत वाढला त्याला तिथली एखादी गोष्ट माहीत असतेच, आणि ती वाटेत सांगण्याची संधी त्याला द्यावी.

‘चार भिंती’ नावाच्या स्थळासाठी वाट थोडी वाकडी करावी लागते, तरी ती करावीच. राजघराण्यातील स्त्रियांना दसऱ्याच्या सीमोल्लंघनाचा सोहळा पाहता यावा म्हणून साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी डोंगराच्या उतारावर ही जागा बांधली, आणि आज तेथे १८५७ च्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. येथे मी रंगो बापूजी गुप्ते यांच्याबद्दल बोलतो. इंग्रजांनी १८३९ साली प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे तेरा वर्षे तेथे झगडत राहिले. १८४७ साली महाराजांचे काशीतच निधन झाले, १८४८ मध्ये राज्य खालसा झाले, आणि रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले. १८५७ च्या उठावाच्या तयारीत त्यांचे नाव पुढे आले, ते निसटले आणि पुन्हा कोणाच्या हाती लागले नाहीत. त्यांच्या मुलासह सतरा जणांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर देहदंड देण्यात आला. या ठिकाणी छायाचित्रे काढण्याची घाई होऊ देऊ नये. दोन मिनिटे शांत उभे राहण्याची विनंती मी आवर्जून करतो आणि आजवर कोणी ती नाकारलेली नाही.

खाली उतरल्यावर अदालतवाड्यावरून राजवाड्याकडे वळावे. जुना राजवाडा प्रतापसिंहांच्या काळातला, शेजारचा नवा त्यानंतरचा. आत जाता येईल असे सोबत्यांना आधी सांगू नये. बाहेरून जेवढे दिसते तेवढ्यावर बोलण्याची तयारी ठेवावी. लाकूडकाम आणि चौकांची रचना यांवर फार वेळ घालवण्यापेक्षा मी प्रतापसिंह हायस्कूलकडे लक्ष वेधतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी नऊ वर्षांच्या भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव या शाळेच्या पटावर १९१४ या क्रमांकापुढे नोंदवले गेले. हा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. राजांच्या वाड्यात भरणाऱ्या शाळेत, ज्याला गावाने दूर बसवले असते असा मुलगा येऊन शिकू लागला; माझ्या मते साताऱ्याच्या सगळ्या वास्तूंत सांगण्याजोगी याहून थोर गोष्ट नाही, आणि फेरीचा कळस मी म्हणूनच येथे ठेवतो. शाळा चालू असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी घेतल्याशिवाय आवारात शिरू नये.

मंगळवार तळे आणि मोती चौक येथे थोडा वेळ थांबले तरी पुरते. बसस्थानकाजवळचे शिवाजी महाराज संग्रहालय मात्र या फेरीत कोंबू नये, त्याला वेगळी दुपार द्यावी.

आता बसण्याविषयी. साडेनऊ-दहाच्या सुमारास माणसे दमलेली आणि भुकेलेली असतात, आणि त्या वेळी जागा शोधत हिंडावे लागले तर सकाळभर जमलेला एकोपा विस्कटतो. म्हणून आदल्या दिवशीच एखाद्या मिसळीच्या हॉटेलात सांगून ठेवावे की इतकी माणसे येणार आहेत आणि तासभर बसणार आहेत. टेबले जोडून घ्यावीत, कारण दोन टेबलांवर दोन निराळ्या गप्पा सुरू झाल्या की त्या पुन्हा एक होत नाहीत. वर्गणी निघण्यापूर्वीच गोळा करावी. संध्याकाळची फेरी असेल तर राजवाड्याची चौपाटी आहेच. तेथे बसायला जागा कमी, पण उभ्या उभ्या गप्पा चांगल्या रंगतात.

बसल्यावर फेरी नेणाऱ्याने गप्प राहावे. हे मला सर्वांत उशिरा समजले. सुरुवातीला मी मिसळ येईपर्यंतही पेशव्यांचा इतिहास सांगत असे. मग एका सकाळी मी थकून काहीच बोललो नाही, तेव्हा एका मित्राच्या वयोवृद्ध आईंनी आपण नववारी नेसून गडावर मंगळाईच्या दर्शनाला पायवाटेने कशा जात असू ते सांगितले, आणि त्यावरून प्रत्येकाला आपापल्या घरातले काही तरी आठवू लागले. त्यानंतर मी एवढेच करतो की, आज पाहिलेल्यातले काय घरी जाऊन सांगाल, असा एकच प्रश्न टेबलावर ठेवतो आणि सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाकडे आधी पाहतो. एखाद्याने हकीकत चुकीची सांगितली तर ती तिथल्या तिथे खोडू नये. नंतर चहाच्या वेळी शेजारी बसून सांगावी.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी कंदी पेढ्यांची खरेदी उठल्यानंतर ठेवावी, आधी नव्हे, नाहीतर पिशव्या सांभाळण्यातच लक्ष जाते. आणि उठण्यापूर्वी पुढची तारीख ठरवून घ्यावी. आमचे पुढचे ठिकाण बहुधा संगम माहुली असते. कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावरची मंदिरे, शाहू महाराजांची समाधी आणि रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव, एवढे एका सकाळीत होते. त्या दिवशी डबे घरूनच न्यावेत आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसावे.