पहिला डीएसएलआर घेतलाय? मग दुसरी लेन्स कोणती?

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स आधी दोन-तीन महिने मनसोक्त वापरा. मग फोटो संगणकावर उघडून प्रत्येकाची फोकल लेन्थ (लेन्स किती लांबचं जवळ आणते, तो एमएममधला आकडा) बघा. बहुतेक ५५वर अडकले असतील तर तुम्हाला लांबचं बघायचंय, ५५-२५० किंवा ७०-३०० बघा.

मला विचाराल तर पहिली खरेदी ५० एमएम एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं उघडतं). संध्याकाळी चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या आजीचा फोटो मी किट लेन्सने एफ/५.६वर काढला. शटर आलं १/१० सेकंद, म्हणजे फार हळू, आणि पीठ लागलेली बोटं नुसती पांढरी रेघ झाली. त्याच आयएसओवर (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) एफ/१.८ला १/१०० मिळालं, कारण प्रकाश जवळजवळ दहापट आत येतो. भाकरीवरचे बोटांचे ठसेसुद्धा दिसले! फक्त क्रॉप सेन्सरवर (जुन्या फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ही लेन्स ७५-८० एमएमसारखी वागते, मागे सरकायला जागा लागते. घर लहान असेल तर ३५ एमएम घ्या.

निकॉनच्या डी३५००सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी लेन्स (बॉडीतल्या मोटरवर फोकस करणारी) स्वस्त मिळते, पण त्यावर ऑटोफोकस चालत नाही. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच घ्या, त्यांच्यात मोटर लेन्समध्येच असते.

सेकंडहँड घेताना मागून मोबाईलचा टॉर्च मारून काच नीट बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती बुरशी, कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. आमच्या चिपळूणच्या पावसात बुरशी फार पटकन धरते, म्हणून मी लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते.