आवडत्या कादंबरीवरचा पिक्चर बघून मूड गेला असेल तर काय करायचं

२०१३ च्या जुलैत दुनियादारी लागला तेव्हा आमचा अख्खा ग्रुप पहिल्याच आठवड्यात गेला होता, सुहास शिरवळकरांची ती १९८२ ची कादंबरी कॉलेजात आम्ही सात जणांनी एकाच कॉपीवर वाचलेली, आणि थिएटरमधून बाहेर पडल्यावर पार्किंगपर्यंत कोणी बोललंच नाही. बाकी पब्लिक टिक टिक वाजते गुणगुणत चाललेलं. आवडत्या पुस्तकावर पिक्चर येणार म्हटलं की हे पुन्हा होणारच, म्हणून लिहितोय.

पिक्चरला जायच्या आठवड्यात पुस्तक परत वाचू नका. मी वाचलं होतं, मग पडद्यावरचा एकेक डायलॉग मनात ताडून बघत बसलो. आणि पहिला अर्धा तास चेहऱ्यांची सवय व्हायला द्या, कारण आपल्या डोक्यातला श्रेयस किंवा दिग्या आपणच रंगवलेला असतो, तो दुसऱ्या कोणाला कसा सापडणार?

घरी आल्यावर लगेच फेसबुकवर पोस्ट टाकू नका. कागद घ्या आणि जे जे खटकलं ते लिहा, मग प्रत्येकासमोर लिहा की हे गाळलंय, नुसतं वेगळं दिसलंय की बदललंय. गाळलेलं माफ करा, अख्खी कादंबरी अडीच तासात बसत नाही. वेगळं दिसलेलं सोडून द्या. बदललेल्यावर मात्र राग धरा, तो खरा असतो. शेवट बदलला याचं मला आजही वाईट वाटतं, कारण लेखकाला जे म्हणायचं असतं ते बऱ्याचदा तिथेच येऊन पोचतं. आवडलेलंही लिहा हां, संदीप कुलकर्णीचा एमके मला अगदी पटला होता.

पंधराएक दिवसांनी पुस्तक उघडा, पण पहिल्या पानापासून नको. जो प्रसंग पिक्चरमध्ये नव्हताच तिथून सुरू करा, तिथे नटांचे चेहरे मध्ये येत नाहीत, आपले जुने चेहरे हळूहळू परत येतात.

आणि ज्याने फक्त पिक्चर बघितलाय आणि त्याला आवडलाय, त्याच्याशी भांडू नका, त्याचा आनंद खरा आहे. आपली कॉपी द्या त्याला. माझ्या मावसबहिणीला मी अशीच दिली, तर तिने शेवट वाचून रात्री दीड वाजता फोन केला आणि आम्ही पाऊण तास नुसतं श्रेयस आणि शिरीनबद्दल बोलत होतो.