ग्रो लाइट वापरताय? या चुका टाळा, नाहीतर भाजी फोफावेल पण सत्त्व येणार नाही

ठाणे-नवी मुंबईत पावसाळाभर आभाळ भरलेलं असतं. म्हणून घोडबंदर, खारघरकडे गच्चीवर छोटं हरितगृह उभारणारे ग्रो लाइट, म्हणजे झाडांच्या वाढीसाठीचे दिवे, घेतात. भाजी तरारते, पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण पानाची वाढ वेगळी आणि त्यातलं सत्त्व वेगळं.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं नायट्रेटकडे, म्हणजे झाड खतातून घेतं त्या नत्राच्या रूपाकडे. मुळांनी ओढलेलं नायट्रेट प्रथिनांच्या कामी लावणारं विकर (एन्झाइम) उजेडावर चालतं. उजेड कमी पडला की नायट्रेट पानातच साठतं, क जीवनसत्त्वही घटतं. त्यामुळे चार दिवसांच्या झडीनंतर पहाटेच लेट्यूस कापायची घाई करू नका. काढणीआधी एक-दोन दिवस दिवे जास्त वेळ चालू ठेवा, नत्र कमी करा आणि दुपारनंतर कापा. जास्त नायट्रेट तान्ह्या मुलांना बाधू शकतं, म्हणून घरात लहान मूल असेल तर हे नक्की पाळा. विलायती पालकाला मात्र रोजच १४ तासांहून जास्त उजेड देऊ नका, तो तुऱ्यावर येतो.

लाल लेट्यूस हिरवंच राहतंय? एक पान उचलून बघा. वरच्या पानाची सावली पडलेला भाग हिरवा आणि उघडा भाग लालसर दिसेल. तो लाल रंग म्हणजे अँथोसायनिन, आणि ते निळ्या व अतिनील उजेडात चांगलं तयार होतं. नुसते लाल दिवे लावलेत, किंवा छताचा कागद अतिनील किरण अडवणारा असेल, तर रंग फिकाच राहणार. निळ्याचा वाटा असलेले पांढरे दिवे घ्या. त्यांच्या उजेडात कीड-रोगही लवकर दिसतात. लाल-निळ्या दिव्यांच्या जांभळ्या उजेडात पिवळं पडलेलं पानही ओळखू येत नाही.

मोबाइलच्या लक्स अ‍ॅपवर विसंबू नका. लक्स माणसाच्या डोळ्यासाठी आहे, जांभळ्या दिव्यांना तो फार कमी मोजतो. पानांच्या उंचीवर मायक्रोमोल मोजा, म्हणजे झाडाला उपयोगी उजेड दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती पडतो ते. तिथं २०० मायक्रोमोल असतील तर १६ तासांत एकूण साधारण ११.५ मोल होतात (१ मोल म्हणजे १० लाख मायक्रोमोल). लेट्यूसला दिवसाला १२ ते १७ मोल लागतात. बाहेरच्या ढगाळ उजेडाचा वाटा धरून तास ठरवा.

उजेड वाढवल्यावर कोवळ्या पानांच्या कडा करपल्या तर लगेच दिव्याला दोष देऊ नका. आपल्याकडच्या दमट, कोंदट हवेत पानातून पाणी उडत नाही, मग कॅल्शियम आतल्या पानांपर्यंत पोचत नाही. छोटा पंखा लावा. पाण्याचे शिंतोडे उडतात तिथं आयपी ६५ दर्जाचेच, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाणारे, दिवे वापरा.