रिदम गेम पहिल्यांदा खेळताय? मग आधी कान लावा

माझी कोपरखैरण्याची मावशी भजनी मंडळात टाळ वाजवते, परवा तिच्या हातात सहज रिदम गेम, म्हणजे गाण्याच्या ठोक्यावर टॅप करायचा गेम, दिला तर बाईने पहिलंच सोपं गाणं शेवटपर्यंत नेलं, आणि माझा भाऊ, जो दिवसभर बंदूकवाले गेम खेळतो, तो त्याच गाण्यात तीनदा आऊट. कारण साधंय, तो नोट (स्क्रीनवर सरकत येणारी खूण) दिसली की मारतो आणि मावशी ठोका आला की मारते.

म्हणून आधी गाणं नुसतं ऐका, मांडीवर ताल धरा, मग खेळा.

आणि ब्लूटूथ इअरफोन काढा बरं! त्यात आवाज बऱ्याचदा 100-200 मिलिसेकंद उशिरा येतो. 120 बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका 500 मिलिसेकंदांचा, म्हणजे 200चा उशीर झाला की जवळजवळ अर्धा ठोका गेला, मग अचूक टॅपचा ‘परफेक्ट’ शेरा कुठून मिळणार. वायरवाला घ्या, स्टेशनबाहेर मिळतो तो स्वस्तातलाही चालेल. सेटिंगमध्ये ऑफसेट किंवा कॅलिब्रेशन, म्हणजे आवाज आणि टॅपची वेळ जुळवायची सोय असते, तिथे डोळे मिटून ठोक्यावर टॅप करा. ब्लूटूथचा उशीरही ऑफसेटने जुळवता येतो म्हणा, पण तुमच्या टॅपचा आवाज मागूनच येत राहतो आणि डोकं फिरतं. ओळखायची खूण अशी, की सगळे टॅप एकजात लेट येत असतील तर ऑफसेट चुकलाय, कधी अर्ली कधी लेट येत असतील तर चूक आपली.

अजून एक, नोट्स फार दाटीवाटीने येतायत असं वाटलं तर त्यांचा स्पीड वाढवा, कमी नाही! उलटं वाटेल, पण गाणं तेवढंच राहतं, नोट्समधलं अंतर वाढतं आणि वाचायला सोपं जातं. मला हे कळायला वर्ष गेलं.

गेम कोणता? म्यूज डॅश घ्या, नोट्स यायला वर आणि खाली एवढ्या दोनच लेन. ढोलपथकात वाजवलं असेल तर 2001 पासूनचा जपानी तायको नो तात्सुजिन, लाल नोटला ढोलाच्या मध्ये, निळ्याला कडेवर. कॉम्प्युटरवरचा ओसू फुकट आहे पण त्यात नेमही धरायचा आणि तालही, तो नंतर. मॉलच्या गेम झोनमध्ये पायाने खेळायचं डान्स मशीन दिसलं तर लाजू नका, फक्त रविवारी नको, मागे लाइन लागते आणि पाय अडकतात.

ठाणे-वाशी गाडीत उभ्याने खेळू नका, ऐरोलीला गर्दी चढली की कॉम्बो, म्हणजे न चुकता मारलेल्या नोट्सची साखळी, गेलाच समजा. घरी फोन टेबलावर ठेवून दोन बोटांनी खेळा, मनगट दुखलं की थांबा.

मावशीची एकच तक्रार, यात अभंग का नाहीत. ओसूत मॅप, म्हणजे गाण्यावर बसवलेल्या नोट्स, खेळणारेच बनवतात हे मी बोलून गेलो, आता ते काम माझ्याच गळ्यात पडलंय.