दोलकाने १२.१ उत्तर दिलं तेव्हा

गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं हे मला तोंडपाठ होतं. माझ्या दोलकाला मात्र ते कुणी सांगितलेलं नसावं. एक मीटर दोरा, टोकाला धातूचा गोळा, हातात स्टॉपवॉच. दहा दोलनांना सरासरी १८.०५ सेकंद लागले. लांबी आणि वेळेवरून गुरुत्व त्वरण देणाऱ्या सूत्रात घातलं, उत्तर आलं १२.१.

पाच वेळा मोजलं होतं आणि पाचही आकडे एकमेकांना इतके चिकटून होते, की आपलं चुकलंय असं वाटायला जागाच नव्हती. दोऱ्याची लांबी बदलत गेले, लांबी आणि दोलनकालाचा (एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग असा आलेख काढला. रेषा सरळ आली, आणि शून्यातून गेली. आता आकडे थोडे इकडेतिकडे करून ९.८ आणावं, असा विचार मनात आलाच. (प्रयोगवही लिहिलेल्या कुणाच्या मनात तो आला नसेल, तर कळवा.) तेवढ्यात शिक्षक बाकाशी आले.

“गोळा सोडताना काय म्हणालीस?”

“एक.”

“बरं,” म्हणाले, आणि पुढच्या बाकाकडे गेले.

डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ गेला. सोडतानाच ‘एक’ म्हटलं, तर ‘दहा’ म्हणेपर्यंत दोलनं नऊच पूर्ण होतात. मी नऊ दोलनांच्या वेळेला दहाने भागत होते. पुन्हा शून्यापासून मोजलं तेव्हा दहा दोलनांना २० सेकंदांच्या आसपास वेळ आला, आणि त्वरण मुकाट्याने ९.८ च्या जवळ जाऊन बसलं.

भौतिकशास्त्र नव्याने शिकणाऱ्यांना मी सूत्रांच्या आधी हा किस्सा सांगते, कारण ‘पुन्हा पुन्हा मोजा, सरासरी काढा’ हा सल्ला इथे सपशेल हरतो. हात कधी लवकर, कधी उशिरा दाबला जातो, ती चूक सरासरीत विरते. दरवेळी त्याच दिशेने होणारी चूक शंभरदा मोजूनही तशीच राहते. ती पकडायची तर मोजण्याची पद्धत बदलावी लागते. मी दहाऐवजी वीस दोलनं मोजली असती, तर त्याच चुकीच्या मोजणीने ३८ सेकंद आले असते. १८ ची दुप्पट ३८ होत नाही, तिथेच चोर सापडला असता.

हाताच्या उशिराचं माप घरबसल्या घेता येतं. कुणाला तरी पट्टी उभी धरायला सांगा, तुमची बोटं शून्याच्या खुणेशी उघडी ठेवा, आणि न सांगता सोडलेली पट्टी पकडा. २० सेंटिमीटरवर पकडलीत, तर तुम्हाला साधारण ०.२ सेकंद लागले. ५ वर पकडलीत तर ०.१ (मला अजून जमलेलं नाही). अंतर चौपट, वेळ दुप्पट. गॅलिलिओने हेच नातं उतारावरून गोळा सोडून शोधलं आणि १६३८ साली छापलं. त्याच्याकडे स्टॉपवॉच नव्हतं, भांड्यातून बारीक धारेने पडलेलं पाणी तोलून तो वेळ मोजत असे. आता हिशोब करा: दोन सेकंदांच्या एका दोलनात ०.२ ची चूक म्हणजे १० टक्के, वीस दोलनांत तीच चूक अर्धा टक्का. मोजायला सुरुवात गोळा टोकाला असताना करू नका. तिथे तो रेंगाळतो, नेमका क्षण कळत नाही. मधोमध खूण करा, तिथून तो सर्वांत वेगाने जातो.

बलांच्या बाबतीत माझी चूक वेगळ्या जातीची होती. आकृतीत वर फेकलेल्या चेंडूवर मी हवेतसुद्धा बाण काढून ‘हाताचं बल’ दाखवायचे. हात तर कधीच सुटलेला! हवेचा विरोध सोडला, तर चेंडूवर एकटं गुरुत्वबल असतं, चढताना, उतरताना आणि अगदी वरच्या टोकालाही. तिथे वेग शून्य असतो, त्वरण शून्य नसतं. ते तेव्हाही खाली ९.८ च असतं, म्हणून तर चेंडू परत येतो. तेव्हापासून प्रत्येक बाणाशेजारी मी ‘कोण कोणावर’ एवढं लिहिते. ज्या बाणाला ‘कोण’ सापडत नाही, तो खोडायचा. याच सवयीने न्यूटनचा तिसरा नियमही सुटला. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा वरचा रेटा ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे, कारण दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत. पृथ्वी पुस्तकाला ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं ती.

तरंगांचं प्रकरण मला लवकर जमलं, ते एका लांब स्प्रिंगमुळे. एका वेढ्याला रंगीत दोरा बांधा, स्प्रिंग जमिनीवर ताणा, टोक आडवं हलवा. तरंग पलीकडे जातो, दोरा जागच्या जागी डोलून थांबतो. हा अवतरंग. टोक पुढे-मागे ढकललं की अनुतरंग, आवाजासारखा. मग पैज लावा: हात जास्त जोरात झटकला तर तरंग लवकर पोचेल का? बहुतेक जण हो म्हणतात. ताण तेवढाच असेल तर तो जवळपास त्याच वेळात पोचतो, फक्त उंच दिसतो.

वेग म्हणजे वारंवारता (सेकंदाला किती तरंग) गुणिले तरंगलांबी (एका तरंगाची लांबी), या सूत्राचा चकवा इथेच आहे. वारंवारता वाढवली की वेग वाढेल असं ते वाचताना वाटतं. पण वेग माध्यम ठरवतं, वारंवारता उगम ठरवतो, आणि तरंगलांबीला उरलेलं पदरात घ्यावं लागतं. २० अंश सेल्सिअसच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, मग स्वर खालचा असो वा वरचा. तसं नसतं, तर लांबून ऐकलेल्या गाण्यातले उंच स्वर आधी आले असते आणि खर्जातले मागून धापा टाकत.